झूराकान आणि अडून बसलेलं यंत्र

आमच्या कारखान्यात झूराकानला नुसत्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळ्यांची ती एजे, थोरली बहीण. मालक एर्निस तिला मुलगा शोभेल अशा वयाचा, तोही एजे म्हणतो. मी तिच्याहून थोडासाच धाकटा, माझ्या डोक्यावर आता एकही काळा केस नाही, तरी माझ्याही तोंडात तेच बसलंय. मी भट्टीवर असतो. गिअर कापून झाला की माझ्याकडे येतो. मी तो लालभडक करून तेलात बुडवतो, त्याच्या दातांना कडकपणा आणतो, आणि मग तो परत तिच्याकडे जातो. त्यामुळे तिच्या हातचं बहुतेक सगळं काम माझ्या चिमट्यातून गेलेलं आहे. तिच्याबद्दल सांगायचा तेवढा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

ती मूळची डोंगरातली, नारिनच्या वरच्या अंगाची. घर मेंढपाळांचं. शाळा संपल्यावर ती खाली आमच्या चुईच्या खोऱ्यात, कोक-आरिकला आली आणि कारखान्याच्या तंत्रशाळेत दाखल झाली. तेव्हा कारखाना ट्रॅक्टरचे गिअर करायचा आणि रात्रंदिवस चालायचा. शिकवायला गेन्रिखोविच नावाचे मास्तर होते, आमच्याच खोऱ्यात जन्मलेले जर्मन. पोरींना ते यंत्रावर घ्यायचे नाहीत, मोजमापाच्या खोलीत पाठवायचे. झूराकान रोज सकाळी त्यांच्या आधी येऊन यंत्रापाशी उभी राहायची. शेवटी ते वैतागले आणि म्हणाले, बरं, घे, पण केस बांध. ती गिअर कापायला लागली ती तशी.

पुढे तो मोठा देश मोडला, आमचा तुकडा वेगळा झाला. मास्तर बायकामुलांना घेऊन जर्मनीला निघून गेले, कारखान्याला कुलूप लागलं. झूराकान दोर्दोयच्या बाजारात मोजे विकायला बसायची. तिचा नवरा रशियात कामाला गेला आणि तिकडेच त्याने दुसरं घर केलं. मुलीला तिने एकटीने वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, मुलगी बिश्केकला नांदते. या सगळ्याविषयी झूराकान कधी बोलत नाही. मोज्यांविषयी मात्र बोलते. चिनी मोज्यांची टाच कशी दोन धुण्यांत विरते, हे अजूनही ती तावातावाने सांगते.

मग कारखाना अर्धामुर्धा पुन्हा उघडला. ट्रॅक्टर गेले होते. आता मोडलेल्या वस्तू यायच्या. साखर कारखान्याचे गिअर, दगडफोडीचे, कालव्यावरच्या पंपांचे. ड्रॉइंग कशाचंच नसायचं. मोडका गिअर टेबलावर ठेवायचा, अंदाजाने मापं घ्यायची, कापायचा, जोडीदाराबरोबर फिरवून बघायचा, दातांना निळा रंग चोळून तो कुठे लागतो ते पाहायचं, घासायचं, परत फिरवायचं. तिरक्या दातांची जोडी जमायला आठवडासुद्धा जायचा आणि जमली तरी सहा महिन्यांत परत यायची. यंत्रं इतकी गळायची की तिच्या बुटांचे तळ तेलाने फुगलेले असत. लोक म्हणतात जुन्या माणसांना जुन्या यंत्रांची माया असते. झूराकानला अजिबात नव्हती. ती त्यांना म्हाताऱ्या सासवा म्हणायची.

एर्निसने कारखाना घेतला तेव्हा आम्हाला वाटलं हा गोदाम करणार. पण त्याने युरोपातून एक नवं यंत्र मागवलं आणि ते यायच्या आधी झूराकानला तुर्कस्तानात, बुर्साला, शिकायला पाठवलं. ती परत आली तेव्हा तिचा चेहराच वेगळा होता. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्या हातातला नानचा तुकडा काढून घेतला आणि सुरीने त्याची कड तासायला लागली.

"हे बघ, सापार. आपण दात सरळ कापत आलो. पण ओझं आलं की दांडा वाकतो. दांडा वाकला की सगळा भार दाताच्या एका टोकावर, आणि टोक तुटतं. आता काय करतात, दाताला मध्ये किंचित पोट ठेवतात. केसाहून कमी. मग दांडा वाकला तरी भार मध्येच राहतो."

"आणि ते पोट कुठे किती ठेवायचं?"

"ते कापायच्या आधीच पडद्यावर दिसतं. कुठे लागणार, किती लागणार, सगळं." मग तासलेला नान तिने मला परत दिला. "खा आता. पोट ठेवलंय त्याला."

नव्या यंत्रासाठी जागा हवी होती, म्हणून जुनी यंत्रं भंगारात काढायचं ठरलं. मी विरोध केला. एक तरी ठेवा म्हणालो, अडीअडचणीला. विरोध करणारा मी एकटाच. झूराकान एर्निसच्या बाजूने होती. "तुला त्यांच्याजवळ झोपायचंय का?" तिने सगळ्यांदेखत मला विचारलं. "घेऊन जा मग घरी, बायकोला सांग सवत आणलीय." सगळे हसले. मीही हसलो. यंत्रं ट्रकमध्ये चढली.

नव्या यंत्राने खरंच कमाल केली. मोडका गिअर स्कॅन व्हायचा, पडद्यावर उभा राहायचा, झूराकान त्याचे दात दुरुस्त करून घ्यायची, आणि काच लावलेल्या दारामागे जोडी कापून निघायची. माझ्या भट्टीत दात किती आणि कुठे वाकणार, त्याचाही हिशेब ती आधीच धरायची. तिरक्या दातांची जोडी पहिल्याच फिरकीत जुळायची. साखर कारखान्याची माणसं पहिला गिअर न्यायला आली तेव्हा दुसरा सुटा बांधून द्या म्हणाली, नेहमीसारखा लवकर तुटेल म्हणून. तो दुसरा अजून त्यांच्या कपाटात पडून आहे.

एकट्या माणसावर असं यंत्र चालत नाही. शिकलेली माणसं हवीत. झूराकानने शेडच्या कोपऱ्यात एक वर्ग सुरू केला. अर्धा दिवस फळ्यासमोर, अर्धा दिवस यंत्रासमोर. ती फार छान शिकवायची. आणि इथूनच तिची पंचाईत सुरू झाली, कारण जो नीट शिकायचा तो जायचा. पहिल्या तुकडीतला सगळ्यात हुशार पोरगा येकातेरिनबर्गला गेला. त्याच्यामागे दोघे. पुढच्या तुकडीतले कोरियाला. एक जण तर शिकणं संपायच्या आधीच. नोरूझला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला, तिचा फोन दिवसभर वाजायचा, वेगवेगळ्या देशांतून, एजे कशा आहात, एजे तुम्ही शिकवलेलं इथे फार कामी येतंय. ती सगळ्यांशी प्रेमाने बोलायची. फोन ठेवताना मात्र तो टेबलावर पालथा घालायची.

एर्निस एकदा म्हणाला, "एजे, तुम्ही शाळा चालवताय की रेल्वे स्टेशन?"

"मग मी वाईट शिकवू का?" ती म्हणाली.



राहिली ती आयसाल्किन. खोऱ्याच्या वरच्या काठावरच्या उच-तेरेक गावाची पोर. लग्न झालेली, नवरा मॉस्कोत टॅक्सी चालवायचा, छोटी मुलगी आजीआजोबांकडे. तिचे वडील जेक्शेन हे गावाचे मुराब, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी जाणार ते ठरवणारे. त्या गावाला पाणी आपोआप येत नाही, खालच्या कालव्यातून पंपाने चढवावं लागतं. आयसाल्किन बोलायला तुसडी होती, पण पडद्यावरचा दात बघून तो कुठे दुखणार हे ती सांगायची, आणि झूराकान अशा वेळी माझ्याकडे अशी बघायची की जणू तिच्या घरात नातवंड चालायला लागलंय. दोन वर्षं ती टिकली. आम्ही मनातल्या मनात धरून चाललो की ही टिकणार.

मग यंत्र हलवायची वेळ आली.

एर्निसला मी दोष देत नाही. हिवाळ्यात वीज आणि कोळसा दोन्ही त्याच्या डोक्यावर बसले होते, आणि शेडचा पुढचा भाग, जिथे उजेड चांगला येतो, तो एका शिवणकामाच्या कारखान्याला भाड्याने हवा होता. यंत्र मागच्या बाजूला सरकवायचं, तेवढाच प्रश्न. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. झूराकान म्हणाली, आधी बनवणाऱ्यांना विचारा. त्याने ईमेल पाठवलं. उत्तर आलं नाही. परत पाठवलं. शिवणवाल्या बायका दारात ट्रक घेऊन उभ्या होत्या. शेवटी झूराकाननेच सरकवण्याचं काम अंगावर घेतलं, कारण दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालणार नव्हता. लोखंडी नळ्यांवरून आम्ही ते अंगुळ-अंगुळ नेलं. नवा पाया तिने आधीच ओतून घेतला होता. पातळी लावायला तिने पूर्ण दिवस घेतला. बुडबुडा मध्यावर आला की ती परत तपासायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र चालू केलं. दिवे लागले, पंखा फिरला, आणि पडद्यावर एक चौकट आली. यंत्राची जागा बदललेली आढळली आहे, सुरक्षेसाठी काम थांबवलं आहे, कंपनीशी संपर्क साधा.

बनवणाऱ्यांचा माणूस शेजारच्या देशात, अल्माटीत बसायचा. तो भला होता. त्याने समजावून सांगितलं की या यंत्रांच्या पोटात एक चिप असते, हलवलं की तिला कळतं. उत्तरेला रशियाची लढाई सुरू झाल्यापासून कंपनीला धास्ती आहे की आमच्या देशांत विकलेली यंत्रं सीमेपलीकडे शस्त्रांच्या कारखान्यात जातील. म्हणून कुलूप उघडायचा आकडा आता असा फोनवर मिळत नाही. चौकशी होणार, परवानगी मिळणार, मग माणूस येणार.

"एजे, मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "फक्त तिला वाटतंय की तिला कुणी पळवून नेलंय."

"मग तिला सांगा, ती माझ्याकडेच आहे," झूराकान म्हणाली.

त्यांनी जे जे मागितलं ते आम्ही पाठवलं. शेडचे फोटो, रस्त्यावरच्या पाटीचे फोटो, व्हिडिओ. एकदा त्यांनी सांगितलं की त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून यंत्राशेजारी उभं राहून फोटो काढा. झूराकान उभी राहिली. डोक्यावर ठेवणीतला रुमाल, छातीशी पेपर. फोटो मीच काढला. काढताना मला हसू आलं आणि तिलाही आलं, म्हणून तो परत काढावा लागला. मग उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे. त्यानंतर बरेच दिवस तेच उत्तर येत राहिलं.

यंत्र तसं बंद नव्हतं. चालू करून ठेवलं की आतला दिवा जळायचा. कापायची सगळी हत्यारं जागच्या जागी होती. आयसाल्किन रोज त्याची काच पुसायची.

बीटाला पाणी सगळ्यात जास्त लागतं अशा दिवसांत, जून निम्मा सरल्यावर, जेक्शेन गाडीच्या डिकीत एक पोतं घालून आले. पोत्यात उच-तेरेकच्या पंपाचा गिअर होता. मोटारीचं फिरणं उभ्या दांड्याकडे वळवणारी तिरक्या दातांची जोडी, तिच्यातला धाकटा. त्याचे निम्मे दात गळाले होते. गावाचे दोन्ही पंप एकाच गिअरबॉक्सवर चालायचे, म्हणजे गावाचं पाणी पूर्ण थांबलं होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं पण बोलले झूराकानशी. त्यांना यंत्राचं कुलूप माहीत होतं, आयसाल्किनने घरी सांगितलेलं होतं. पण ऐकलेली गोष्ट वेगळी आणि आपला गिअर हातात घेऊन उभं राहणं वेगळं.

झूराकानने त्याच दिवशी तो स्कॅन केला. संध्याकाळपर्यंत आयसाल्किनने नवी जोडी पडद्यावर उभी केली, दातांना पोट दिलं, दांडा किती वाकेल ते धरलं. पडद्यावर दाताच्या मधोमध भाराचा ठिपका उमटला, बदामाएवढा, जसा हवा तसा. मला बोलावून दाखवलं. मी म्हणालो, झकास. मग आम्हा तिघांच्याही नजरा पलीकडे गेल्या, पुढचं काम करणारं यंत्र तिथे दिवा लावून उभं होतं.

झूराकानने काय केलं नाही ते विचारा. बुर्साला फोन लावला. ते करायला तयार होते, पण त्यांच्याकडे कामाची रांग होती आणि वर वाहतूक, म्हणजे गिअर येणार तो उन्हाळा सरताना. तरी तिने ड्रॉइंग पाठवून तो सांगून ठेवला. अल्माटीच्या माणसाला रोज फोन. तो आता फोन उचलायच्या आधी थांबायला लागला होता, हे तिला जाणवायचं. मग तिने येकातेरिनबर्गच्या आपल्या विद्यार्थ्याला विचारलं. तो लगेच म्हणाला, ड्रॉइंग पाठवा एजे, मी सुट्टीच्या दिवशी कापून बसने पाठवतो. ती ड्रॉइंग पाठवायला बसली तेव्हा एर्निस धावत आला. यंत्रवाल्यांच्या प्रोग्रॅममध्ये केलेलं ड्रॉइंग रशियाच्या कारखान्यात गेलं असं त्यांना कळलं, तर आपलं कुलूप जन्मात उघडणार नाही, असं त्याचं म्हणणं. झूराकानने हाताने काढून पाठवते म्हटलं. पण तिरक्या दाताचा वळसा हाताने कागदावर उतरत नाही, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. बराच वेळ ती की-बोर्डवर हात ठेवून बसली. मग तिने पोराला फोन करून सांगितलं, राहू दे बाळा.

शेवटी ती जुन्या तंत्रशाळेत गेली. तिथे एक साधं मिलिंग मशीन अजून होतं. त्याच्यावर तिरके दात येत नाहीत. सरळ दातांची जोडी कशीबशी येते, तीही एकेक दात वेगळा कापून, टोकाकडे अंदाजाने तासून. झूराकान आणि आयसाल्किन दोघींनी मिळून ती केली. झूराकान मापं सांगायची, आयसाल्किन हँडल फिरवायची. मी ते दात मुद्दाम जरा नरम ठेवले, कारण पातळ टोकं कडक केली असती तर तडकली असती. हे काम आमच्या कुणाच्याच मनासारखं नव्हतं.

जोडी बसवायला आम्ही उच-तेरेकला गेलो. झूराकानने जेक्शेनना बाजूला घेऊन, थोरल्या भावाला म्हणतात तसं आके म्हणून, नीट बजावलं. "आके, हे काही खरं काम नाही, ठिगळ आहे. एकच पंप चालवा, तोही अर्ध्या पाण्यावर. खरा गिअर येईपर्यंत जीव धरून ठेवील. पूर्ण उघडलंत तर जाईल."

त्यांनी मान डोलावली. पंप सुरू झाला. गिअर असा किंचाळायला लागला की आयसाल्किनची मुलगी कान झाकून आजीमागे लपली. पण वरच्या पाटात पाणी आलं, आणि बायका बादल्या घेऊन धावल्या, जणू ते परत येणारच नाही.

अर्धं पाणी म्हणजे अर्ध्या शेतांना पाणी. मुराबाला रोज ठरवायचं होतं की आज कुणाला नाही. पाटाच्या शेवटाला ज्यांची शेतं होती त्यांच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं, माती वाटेतच पिऊन टाकायची. ते जेक्शेनच्या दारात येऊन बसायला लागले. कुणीतरी म्हणालं, मुराबाची पोर गिअर करते, म्हणून मुराबाचं शेत आधी भिजतं. खरं तर त्यांचं शेत कोरडं होतं. त्यांनी मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. पण ते ऐकल्यावर त्यांनी जाऊन झडप पूर्ण उघडली. तासाभरासाठी, शेवटच्या शेतांपर्यंत एकदा पाणी जावं म्हणून. हे त्यांनी नंतर स्वतःच येऊन सांगितलं.

तुटलेले दात मोठ्या चाकात अडकले आणि गिअरबॉक्सचं कवचच फुटलं. आता ठिगळ लावायलाही जागा राहिली नाही.

 आयसाल्किन शेडच्या मागे निघून गेली. झूराकान तिच्यामागे गेली आणि तशीच परत आली.

बुर्साला आता अख्खा गिअरबॉक्स सांगावा लागला. जुलै तसा गेला. आमच्या खोऱ्यात त्या वर्षी पाऊस जवळजवळ नव्हताच. उच-तेरेकची बीटाची पानं आधी जमिनीला टेकली, मग करडी झाली. ऑगस्टमध्ये लोकांनी मुळ्याएवढे बीट उपटून गाईंना घातले, आणि मग गाईही हळूहळू बाजारात गेल्या. बुर्साची पेटी आली ती त्यानंतर, आणि तीही कस्टममध्ये अडकली.

झूराकान त्या दिवसांत एकदा उच-तेरेकला गेली. जायची गरज नव्हती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिला न्यायला गाडी माझी होती. मी वाटेत म्हणालो, कशाला, ते लोक काय बोलतील? ती म्हणाली, बोलू दे ना, तेवढ्यासाठीच जाते.

पण कुणी बोललंच नाही. जेक्शेनच्या बायकोने जेवणाचा दस्तरखान अंथरला, कणकेचे बोर्सोक तळले, जर्दाळूचा मुरंबा काढला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपांत चहा ओतला. शेजारचे दोघे-तिघे येऊन बसले, तब्येतीची विचारपूस झाली. झूराकान वाट बघत होती. शेवटी जेक्शेनच म्हणाले, "झूराकान, तुझं ते यंत्र. ते मोडलेलं नाही ना?"

"नाही, आके."

"वीज आहे त्याला?"

"आहे."

"चालवणारी माणसं?"

"आम्ही आहोत."

"मग ते चालत का नाही?"

तिने सांगितलं. चिप, चौकशी, परवानगी, लढाई, अल्माटीचा माणूस. सोप्या शब्दांत, अजिबात न चिडता, जसं ती वर्गात सांगायची. जेक्शेन ऐकत राहिले. मधून मधून मान हलवत होते. तिचं सांगून संपलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ते कळलं. पण चालत का नाही?"

 परतीच्या वाटेवर झूराकान खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं झोपली. पुलापाशी म्हणाली, "मी त्यांना नीट समजावलं, सापार. एकही गोष्ट सोडली नाही." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

सप्टेंबरात बुर्साहून विचारणा आली. गिअरबॉक्सच्या निमित्ताने त्यांनी आयसाल्किनचं ड्रॉइंग पाहिलं होतं आणि हे कुणी केलं म्हणून विचारत होते. अशी माणसं त्यांना हवी होती. घर देणार होते, मुलीला आणता येणार होतं. झूराकानने ही गोष्ट दाबून ठेवली असती तर आयसाल्किनला कधीच कळली नसती. तिने त्याच दुपारी तिला बोलावून सांगितलं.

आयसाल्किन म्हणाली, "मी गेले तर इथे कोण?"

"इथे काय आहे? काच पुसायला मी आहे."

"एजे, तुम्ही राहा म्हणालात तर मी राहीन."

मी भट्टीपाशीच होतो, मला सगळं ऐकू येत होतं. तेव्हा मला वाटलं, एकदा म्हण ना बाई. आयुष्यात एकदा कुणाला तरी राहा म्हण.

"तुझ्या बापाच्या गाई गेल्या," झूराकान म्हणाली. "माझं तोंड बघून त्या परत येणार नाहीत. जा."

तिकडच्या वरिष्ठांना तिने स्वतः फोन करून सांगितलं की पोर तुसडी आहे, तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, तिच्या कामाकडे बघा. विमानतळावर मात्र ती गेली नाही. एर्निस सोडून आला.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात कंपनीचा इंजिनिअर आला. तरुण, नम्र, आत येताना बूट झटकून येणारा. त्याने यंत्र पाहिलं, नंबर ताडून पाहिला, फोनवर आपण नकाशात कुठे आहोत ते पाहिलं आणि फोटो काढले. मग पाठ आमच्याकडे करून काही आकडे दाबले. चौकट गेली. आतला मोठा दांडा फिरायला लागला. चहा निवायच्या आत सगळं झालं. जाता जाता त्याने पातळी तपासली आणि म्हणाला, फार सुंदर लावलीय, आमची माणसंसुद्धा इतकी चांगली लावत नाहीत. झूराकानने विचारलं, पुन्हा असं झालं तर काय करायचं? तो ओशाळला. ते सांगायची मला परवानगी नाही, म्हणाला. हलवू नका.

त्याच दिवशी तिने उच-तेरेकची जोडी कापायला लावली. बुर्साचा गिअरबॉक्स तोपर्यंत सुटून आलेला होता, त्यामुळे खरं तर तिची कुणाला गरज नव्हती. तरी तिने कापली. मी कडक केली. जुळवून, रंग चोळून फिरवली, आणि ठिपका दाताच्या मधोमध उमटला, आयसाल्किनने पडद्यावर दाखवला होता तसाच. झूराकानने जोडी तेल लावून कागदात गुंडाळली आणि सुटी म्हणून उच-तेरेकला पाठवून दिली.

पुढच्या वसंतात तिथे पाणी चढलं. पण मुराब दुसरा होता. जेक्शेननी ते काम सोडलं, आणि पाटाच्या शेवटाची दोन-तीन घरं बिश्केकच्या कडेला राहायला गेली. नव्या मुराबाशी झूराकानची ओळख नाही. पंप बरा चालतोय, एवढं कळतं.

या शरदात वर्ग परत सुरू झाला. चार जण आलेत, त्यांतल्या दोघी शिवणवाल्यांकडून आलेल्या, सुईला कंटाळलेल्या. पहिल्या दिवशी फळ्यावर दात काढायच्या आधी झूराकानने विचारलं, कुणाला काही विचारायचंय? मागे बसलेल्या एकाने हात वर केला. त्याला हे जाणून घ्यायचं होतं की बुर्साला जाण्याइतकं शिकायला किती दिवस लागतात.

"लक्ष दिलंस तर पुढच्या वर्षी जाशील," ती म्हणाली, आणि खडू घेऊन शिकवायला लागली.